टाकी वाजवून बघताना

आमच्या घराच्या मागे, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतील अशा बेताने, पाण्याच्या दोन टाक्या उभ्या आहेत. एक काँक्रीटची, पंचेचाळीस हजार लिटरची, आधीच्या मालकांनी बांधून घेतलेली. दुसरी हिरवट प्लास्टिकची, साडेबावीस हजारांची, आम्ही नंतर विकत आणलेली. साडेबावीस हजार हा आडनिडा आकडा कुठून आला, असे मी दुकानात विचारले, तेव्हा कळले की तो मुळात पाच हजार गॅलनचा साचा आहे. ऑस्ट्रेलियाने मेट्रिक मापे स्वीकारून पन्नास वर्षे होऊन गेली, तरी टाक्यांनी आपले जुने माप सोडलेले नाही.

रोज सकाळी चहाचे आधण ठेवण्याआधी मी बाहेर जाते आणि प्लास्टिकच्या टाकीवर बोटांच्या पेरांनी वरून खाली येत टकटक करते. वर पोकळ, घुमणारा आवाज येतो. हात पाण्याच्या पातळीपाशी पोचला की आवाज एकदम बसतो. बाजारात मडके घेताना ते वाजवून घेतात, तसाच हा प्रकार, फक्त इथे खोट शोधायची नसून ठेव मोजायची असते. टाकीला लावायचे इलेक्ट्रॉनिक मापक मिळते आणि ते फोनवर पाण्याची पातळी दाखवते, हे मला ठाऊक आहे. नवऱ्याने ते दोनदा सुचवूनही पाहिले. परंतु ज्या घरात मी वाढले तिथे पाणी कानाने मोजत असत, आणि ती सवय इतक्या वर्षांनी, इतक्या लांब येऊन पुन्हा अंगात शिरली आहे.

हे घर ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात, मेलबर्नच्या वायव्येला सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, कॅसलमेन या गावाच्या बाहेर आहे. भोवती पाच एकर जमीन, त्यातली निम्मी युकॅलिप्टसच्या रानाने व्यापलेली. 'आपल्याकडची निलगिरी' एवढ्या एका शब्दात मी पूर्वी या झाडांची बोळवण करीत असे. आता यलो बॉक्स, ग्रे बॉक्स, रेड स्ट्रिंगीबार्क अशी सालीवरून ती ओळखता येऊ लागली आहेत. गावाचा नळ आमच्या वळणाच्या चार किलोमीटर अलीकडेच संपतो. घर पाहायला आलो तेव्हा दलाल आम्हाला व्हरांडा, सूर्यास्त आणि टेकडी दाखवीत होता. मी मध्येच विचारले, "नळाला पाणी कुठून येते?" त्याने काही न बोलता बोट वर केले. मला वाटले, देवाकडे दाखवतो आहे. तो छपराचा पत्रा दाखवीत होता.

माझे माहेर सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले आहे. या वाक्यानंतर महाराष्ट्रात कुणाला अधिक काही सांगावे लागत नाही. उन्हाळ्यात टँकर येण्याच्या दिवशी आमची आजी पहाटेच उठून रांजणाला बोटाने वाजवीत असे आणि अंधारातच जाहीर करी, "वाजतोय अजून. सांजच्याला पुरंल." भाजी धुतलेले पाणी भांड्यांना, भांड्यांचे पहिले पाणी म्हशीच्या आंबोणात आणि शेवटचे कढीपत्त्याला असा क्रम ठरलेला होता. डोक्यावरून न्हायचे ते टँकर येईल त्या दिवशीच; एरवी केसांना पाणी लावलेले दिसले तर आजी दिवसभर बोलायची. या हिशोबाला कंटाळूनच मी शिकायला पुण्याला गेले, असे म्हटले तरी चालेल. पुढे मेलबर्नच्या उपनगरात सात वर्षे काढली. तिथल्या नळाने मला कधी काही विचारले नाही आणि मीही त्याला काही विचारले नाही. मग नवऱ्याला इकडच्या रुग्णालयात नोकरी मिळाली, आणि दहा हजार किलोमीटरचा वळसा घालून मी पुन्हा रांजणापाशी येऊन बसले.

हिशोब सोपा आहे, म्हणूनच निर्दय आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलीमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. आमचे घर, व्हरांडा आणि गाडीची शेड मिळून छप्पर दोनशेवीस चौरस मीटर भरते. या भागात वर्षाला साधारण साडेपाचशे ते सहाशे मिलीमीटर पाऊस पडतो. माणच्या पावसापेक्षा हा आकडा फार मोठा नाही, हे आईला खरे वाटत नाही. फरक एवढाच की इथला पाऊस चार महिन्यांत धो धो कोसळून मोकळा होत नाही, थोडाथोडा करून वर्षभर येतो आणि हिवाळ्यात त्यातल्या त्यात जास्त. पाचशेऐंशी मिलीमीटर धरले तर एक लाख सत्तावीस हजार लिटर. त्यातून पत्रा नुसता ओला होण्यात जाणारे, पहिल्या धुवणाचे, म्हणजे छपरावरची घाण घेऊन येणारे, सोडून द्यायचे आणि उन्हाने उडून जाणारे पाणी वजा केले की हातात एक लाख आठ हजारांच्या आसपास राहते. घरात माणसे तीन. दर माणशी दिवसाला शंभर लिटर म्हटले, तर वर्षाची गरज एक लाख साडेनऊ हजार. जमा आणि खर्च इतके जवळजवळ उभे असले की मोठ्या दुष्काळाची वाट पाहावी लागत नाही. एखादा गळका नळही पुरतो.

आमचे शेजारी ऐंशीच्या घरातले गृहस्थ आहेत. इथे लहानथोर सगळेच एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात. माझी जीभ मात्र त्यांच्या बाबतीत अजून वळत नाही, म्हणून घरात आम्ही त्यांना 'काका' म्हणतो. काकांच्या घराच्या कुंपणावर पर्जन्यमापक बसवलेला आहे आणि ते रोज सकाळी बरोबर नऊ वाजता तो वाचून वहीत नोंद करतात, कारण हवामान खात्याची वेळही नऊचीच आहे. आठला पाऊस थांबला असला तरी त्यांना आकडा विचारायचा नाही. शिवाय ते मिलीमीटरमध्ये बोलत नाहीत. "काल चाळीस पॉइंट पडला," असे म्हणतात. इंचाचा शंभरावा भाग म्हणजे एक पॉइंट, तेव्हा चाळीस पॉइंट म्हणजे दहा मिलीमीटर, म्हणजे आमच्या छपराचे दोन हजार दोनशे लिटर, म्हणजे एक आठवडा. हे गणित आता मला झोपेतही येते. पहिल्या वर्षी त्यांनी मला एक पर्जन्यमापक भेट दिला, आणि मी त्याच्याशेजारी किराणा दुकानाची एक कोरी डायरी ठेवली. त्या डायरीची आता चौथी प्रत चालू आहे.

छपराच्या पाण्याची चव कशी असते, असे मेलबर्नचे पाहुणे हमखास विचारतात, आणि विचारताना त्यांच्या डोळ्यांपुढे पत्र्यावरून रात्री धावणारे पोसम नावाचे प्राणी व त्यांचे उद्योग असतात, हे मला दिसते. गाळणी आहे, पन्हळींवर जाळी आहे, पहिले धुवण बाजूला काढणारा नळकांडा आहे. एवढे सांगूनही पाहुणे बाटलीतलेच पाणी पितात. त्यांना कळत नाही की ते कशाला मुकतात. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. माहेरच्या विहिरीचे पाणी मचूळ होते. त्यात तूरडाळ तासभर रटरटली तरी तिचे दाणे वेगळेच राहात आणि आजी वैतागून पळीने घोटत बसे. इथे तीच डाळ तीन शिट्ट्यांत लोण्यासारखी मऊ होते. आई पहिल्यांदा इथे आली तेव्हा तिने झाकण उघडून वरणाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "अगं, हे पाणी पाठवता आलं असतं तर!" साबणाला फेस इतका येतो की तो धुऊन काढण्यातच जास्त पाणी जाते, ही या सुखाची दुसरी बाजू. मुलीच्या दातांच्या डॉक्टरांनी मात्र, शहराच्या नळात असते ते फ्लोराइड या पाण्यात नाही, याची आठवण करून देऊन टूथपेस्टकडे नीट लक्ष ठेवायला सांगितले आहे.

जमिनीत पाणी का मुरत नाही, हे समजायला मला दोन वर्षे लागली. पहिल्या हिवाळ्यात मी कढीपत्त्याचे रोप लावायला खड्डा खणू लागले. कुदळ टप्पकन परत आली. पहार आणली, तेव्हा खालून गारगोट्यांचे तुकडे आणि पिवळी चिकणमाती निघाली, वरची काळी माती वीतभरही नव्हती. (कढीपत्ता अखेर कुंडीत लावला आणि तो मे ते सप्टेंबर आमच्याबरोबर घरात, शेकोटीच्या खोलीत राहतो.) १८५१ साली या खोऱ्यात सोने सापडले आणि पुढच्या काही वर्षांत जगभरातून आलेल्या हजारो माणसांनी ओढे, नाले, उतार खणून, धुऊन, चाळून उलथेपालथे केले. सोने वरच्या थरातच होते, त्यामुळे वरचा थरच आधी गेला. या भूमीचे मूळ लोक जा जा वुरुंग. ते आज या प्रदेशाला 'उलटीपालटी झालेली भूमी' म्हणतात, आणि आमच्या कुंपणाशी उभे राहून पाहिले तर त्या शब्दांत अलंकार काहीच नाही. जे खाली असायला हवे ते वर आहे. रानात अजूनही खाणींचे उघडे खड्डे आहेत, म्हणून मुलीला पायवाट सोडायची परवानगी नाही. ईशान्येला दिसणाऱ्या मोठ्या डोंगराचे नाव नकाशावर माउंट अलेक्झांडर आहे. जा जा वुरुंगांचे त्याचे नाव लियांगानूक.

सोने आले तसे गाव आले आणि गावाला पाणी लागले. १८७० च्या दशकात कोलिबन नदीवर माम्सबरी येथे साठवलेले पाणी नुसत्या उताराने, मैलोन्‌मैल लांबीच्या उघड्या पाटांतून कॅसलमेन आणि बेंडिगोपर्यंत नेण्यात आले. त्या पाटांच्या कडेने फिरायला गेले की मला हटकून म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव आठवतो. तोही साधारण त्याच काळातला, दुष्काळी कामावर आलेल्या माणसांच्या हातांनी उभा राहिलेला. एकाच राणीच्या राज्यात दोन ठिकाणी पाणी अडवले जात होते, एकीकडे सोने धुण्यासाठी आणि दुसरीकडे पोटासाठी. माझे पणजोबा त्यांतल्या दुसऱ्या कामावर होते, असे घरात सांगत. खरे-खोटे आता कुणी सांगू शकणार नाही.

आमच्या उताराच्या तळाशी एक शेततळे आहे. इथे त्याला 'डॅम' म्हणतात. "घराच्या मागे आमचा डॅम आहे," असे मी फोनवर आईला सांगितले तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे कोयना उभी राहिली होती आणि पुढचे काही दिवस ती नातेवाइकांना तसेच सांगत होती. प्रत्यक्षात तो पंचवीस पावलांचा मातीचा खड्डा आहे. पाणी चहाच्या रंगाचे, काठावर कांगारूंच्या पावलांचे आणि शेपटांचे ठसे. हे पाणी आम्ही पीत नाही. ते झाडांना आणि रानातल्यांना. परंतु वर्षातले काही दिवस असे असतात की टाकीपेक्षा माझे लक्ष या खड्ड्याकडेच जास्त असते.

ते दिवस सप्टेंबरातले. व्हाइट-विंग्ड चफ नावाचा एक पक्षी इथे टोळीने राहतो. दिसायला डोमकावळ्यासारखा, पण अंगाने सडपातळ, चोच किंचित बाकदार आणि डोळे लालभडक. पंखांतला पांढरा पट्टा उडाल्याशिवाय दिसत नाही. आमच्या टोळीत अकरा आहेत. हा पक्षी घरटे मातीचे करतो: आडव्या फांदीवर, जमिनीपासून पुष्कळ उंच, कुंभाराने चाकावरून उतरवावे तसे वाडग्यासारखे घरटे. त्यासाठी ओला चिखल लागतो. दोन वर्षांपूर्वी मी शेततळ्याच्या बांधावर बसून त्यांचे काम पाहिले. एक जण काठाशी येतो, चोचीने चिखल चाचपतो; फार पातळ असेल तर सोडून देतो, दोन पावले वर सरकतो, पुन्हा चाचपतो आणि मनासारखा घट्ट लागला की सालीचा एखादा तंतू त्यात घोळवून गोळा उचलतो. वर घरट्याच्या काठावर दुसरा बसलेला असतो. तो गोळा चोचीने थरथरवीत, दाबीत बसवतो. एक कड पुरी झाली की सगळे खाली उतरून गवतात किडे शोधू लागतात आणि ती कड वाळेपर्यंत कुणी तिच्याकडे फिरकत नाही. माहेरी भिंतीचा एक थर वाळल्याशिवाय गवंडी दुसरा चढवीत नसे, तोच शहाणपणा.

या पक्ष्यांत जोडप्याने एकट्याने संसार करण्याची सोय नाही. पिल्ले वाढवायला निदान चार मोठे पक्षी लागतात, म्हणून तीन-चार वर्षांची होईपर्यंत मुले घरातच राहून धाकट्यांना भरवतात. अभ्यासकांनी असेही नोंदवले आहे की काही तरुण पक्षी पिल्लाच्या तोंडापर्यंत किडा नेतात, आणि इतर कुणी पाहत नाही असे वाटले की तो गुपचूप स्वतःच गिळतात. शिवाय माणसे कमी पडली तर शेजारच्या टोळीचे पिल्लू फूस लावून पळवून आणायलाही ते कमी करीत नाहीत. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला यातले काहीच नवीन वाटू नये. मागच्या वर्षी मात्र वसंतात पाऊस आला नाही, तळ्याचा काठ भाजलेल्या विटेसारखा तडकला आणि अकराही जण तीन दिवस काठावर चोची आपटून निघून गेले. मला राहवले नाही. नाश्त्याची भांडी विसळलेले पाणी दोन बादल्या भरून नेऊन मी काठावर ओतले. ते पाणी मातीने एका घोटात पिऊन टाकले आणि चफ काही परत आले नाहीत. घरटे त्या वर्षी झाले नाही.

उन्हाळा इथे डिसेंबरात सुरू होतो, म्हणजे आपली संक्रांत भर उन्हाळ्यात येते. उत्तरायणाचा तिळगूळ आम्ही सूर्य आमच्यापासून दूर निघालेला असताना वाटतो. नागपंचमीचेही तसेच: तेव्हा इथे कडाक्याची थंडी असते आणि साप जमिनीखाली निपचित पडलेले असतात. ते बाहेर येतात ते ऑक्टोबरात. इथला ईस्टर्न ब्राउन स्नेक जगातल्या अतिविषारी सापांत मोडतो, त्यामुळे स्वयंपाकघराच्या खणात लाटण्याशेजारी आणि गाडीतही आम्ही रुंद, दाबाचे बँडेज ठेवतो. दंश झाला तर सगळा अवयव घट्ट बांधायचा, हालचाल करायची नाही, जखम धुवायचीही नाही, हे मुलीला पाढ्यांच्या आधी शिकवले. एका फेब्रुवारीत दुपारी मी टाकीच्या मागच्या बाजूला गेले, तर ओव्हरफ्लोच्या पाइपाखाली, जिथे जेमतेम ओंजळभर पाणी साचले होते, तिथे तो होता. दीड मीटरचा, वाळलेल्या गवताच्या रंगाचा. हनुवटी पाण्यात टेकवून तो पीत होता. जबड्याच्या कडेची कातडी अगदी हळू, एका लयीत आत-बाहेर होत होती. मी जागच्या जागी थांबले. कायद्याने त्याला मारता येत नाही, हे खरे. परंतु त्या वेळी मला कायदा आठवत नव्हता. एवढी तहान मी पूर्वी कुठे पाहिली आहे, तेच आठवत होते. पोटभर पिऊन तो लाकडांच्या ढिगाखाली गेला. तो ढीग मी त्या वर्षी हलवला नाही.

सापापेक्षा भीती आगीची. वाळवंटाकडून उत्तरेचा वारा सुटला, पारा चाळिशीच्या वर गेला आणि झाडांची वाळलेली साल पायाखाली कुरकुरू लागली की माणसे एकमेकांशी कमी बोलतात. ७ फेब्रुवारी २००९ रोजी, ज्याला इथे 'काळा शनिवार' म्हणतात, मेलबर्नमध्ये तापमान ४६.४ अंशांवर गेले होते आणि त्या दिवशी पेटलेल्या वणव्यांत राज्यात १७३ माणसे गेली. काकांनी मला त्यातले मर्म असे सांगितले: उत्तरेच्या वाऱ्याने आग लांबट जिभेसारखी दक्षिणेकडे धावते; संध्याकाळी नैर्ऋत्येचा गार वारा येतो, लोकांना हायसे वाटते, आणि त्याच वाऱ्याने त्या जिभेची सबंध लांब बाजू हाच आगीचा मोर्चा होऊन बसतो. गार वारा आला म्हणून दार उघडायचे नसते.

आमच्या काँक्रीटच्या टाकीचे तळचे दहा हजार लिटर याच कामासाठी राखीव आहेत. वणव्याच्या पट्ट्यातल्या घरांना तसा नियमच असतो. घराचा पाइप मुद्दाम वरच्या उंचीवर बसवलेला आहे, म्हणजे तहानेने जीव गेला तरी खालचे पाणी नळाला येणार नाही. त्याला बंबवाल्यांच्या मापाचे वेगळे तोंड आहे. पहिल्या वर्षी मला ही सक्ती जाचक वाटली होती. घरात पाणी असावे आणि ते आपले नसावे! पण देवघरात श्राद्धाच्या आदल्या दिवशी आजी एक कळशी भरून बाजूला ठेवायची आणि तिला कुणी हात लावायचा नाही, हे मला ठाऊक होते. तेव्हा समजूत पटायला वेळ लागला नाही.

आणखी एक गोम आहे. टाकीतले पाणी घरात येते ते विजेच्या पंपाने. जोराचा वारा आला की वीज जाते, म्हणजे ज्या दिवशी पाणी सगळ्यांत जास्त लागणार त्याच दिवशी भरलेल्या टाक्यांच्या शेजारी नळ कोरडा. म्हणून एक पेट्रोलवर चालणारा पंप वेगळा आहे, आणि त्याखेरीज आजीची तांब्याची कळशी. विमानात वजन जास्त होते म्हणून मी तिच्यात कपडे कोंबून ती आणली होती. सक्त मनाईच्या दिवशी, म्हणजे ज्या दिवशी उघड्यावर काडी ओढायलाही बंदी असते, मी ती सकाळीच भरून ओट्यावर ठेवते. तिच्या पाण्याने आग विझणार नाही, हे मलाही कळते.

त्या सगळ्या सावधगिरीला एका रात्री मीच खो घातला. जानेवारीचा तिसरा आठवडा होता. संध्याकाळी टोमॅटोच्या वाफ्याला बारीक धार लावून मी मुलीला आणायला गेले, परत आले, स्वयंपाक केला आणि झोपले. पहाटे तीनच्या सुमाराला जाग आली ती एका गुणगुणण्याने. टाकीवर राहणाऱ्या माणसाला पंपाचा आवाज लहान मुलाच्या रडण्यासारखा ऐकू येतो: घरात कुणी पाणी वापरीत नसताना पंप चालू असेल तर कुठेतरी गळती आहे. मी अनवाणीच धावले. टोमॅटोखालची जमीन भाताच्या खाचरासारखी झाली होती आणि आजूबाजूचे बेडूक, ज्यांना चार महिने असे पाणी दिसले नव्हते, ते हर्षभरित होऊन ओरडत होते. प्लास्टिकची टाकी वाजवली. वरून खालपर्यंत ती घुमली. काँक्रीटच्या टाकीत बांबू टाकून पाहिला. राखीव साठ्याच्या वर चार बोटे उरली होती.

सकाळी मी फोन करून टँकर मागवला. इथे पाणी विकणारे लोक गावातल्या नळावरून टँकर भरून आणून देतात. तो आमच्या फाटकातून धूळ उडवीत आत शिरला तेव्हा मला एकदम कळशी घेऊन रांगेत जाऊन उभे राहावेसे वाटले. चालकाने जाड पाइप टाकीच्या तोंडात अडकवला आणि सहज विचारले, "कुणी नळ उघडा ठेवला?" मी म्हटले, "मी." तो म्हणाला, "दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी ठेवतेच." पैसे बरेच गेले. त्याहून वाईट म्हणजे महिनाभर चहाला क्लोरीनचा वास येत राहिला आणि डाळही थोडी रुसली, निदान मला तसे वाटले. आईला मी हे तीन आठवडे सांगितले नव्हते. सांगितले तेव्हा ती फक्त एवढेच म्हणाली, "टँकर तिथंबी हाय का?"

उन्हाळा सरला तरी पाऊस लगेच येत नाही. मार्च कोरडा जातो, एप्रिल सुरू होतो आणि शेतकरी 'ऑटम ब्रेक'ची वाट पाहू लागतात. जमीन खोलवर भिजवून गवताला कोंब आणणारा शरदातला पहिला चांगला पाऊस म्हणजे हा ब्रेक. २५ एप्रिलला, म्हणजे युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणाच्या अँझॅक दिनाच्या आगेमागे, तो यावा अशी जुनी अपेक्षा आहे. आपल्याकडे मृग लागला की ७-८ जूनपासून माणसे जशी आभाळाकडे पाहतात, तशीच इथे त्या दिवशी स्मारकाच्या पायऱ्यांवर, पहाटेच्या काळोखात, सैनिकांसाठी मौन पाळून झाल्यावर पाहतात. काकांची वही सांगते की तो बऱ्याचदा वेळ चुकवतो. मृगाचे तरी दुसरे काय आहे!

या वर्षी त्या सुमारास मी जेवण झाल्यावर व्हरांड्यात बसले होते. आभाळ स्वच्छ होते, म्हणजे निराशाजनक होते. आग्नेयेला त्रिशंकू चांगला वर चढला होता, आणि नैर्ऋत्येला, अर्ध्या आभाळात, अगस्ती. माणमधून अगस्ती दक्षिणेच्या डोंगरावर हातभर वर येतो आणि काही तासांनी खाली जातो. या अक्षांशावर तो जवळजवळ मावळतच नाही. अगस्ती उगवला की गढूळ पाणी निवळते, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे, कारण तो तिकडे दिसू लागतो तो पाऊस ओसरताना. कुंभातून जन्मलेला आणि समुद्र पिऊन टाकणारा हा ऋषी दक्षिणेला गेला तो परतला नाही, असे आजी सांगायची. बारा महिने तो आमच्या टाकीवर नजर ठेवून असतो, हे तिला सांगायचे राहून गेले.

तारे कधी झाकले गेले ते कळले नाही. आधी वास आला. तापलेल्या मातीवर पहिला थेंब पडला की येणाऱ्या त्या वासाला 'पेट्रिकोर' हे नाव १९६४ साली दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी, इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी, 'नेचर' या नियतकालिकात दिले, आणि त्याच लेखात उत्तर भारतात मातीचे अत्तर काढतात याचाही उल्लेख आहे. वास प्रथम या देशात शास्त्रीय झाला, पण बाटलीत आधी आपल्याकडे भरला गेला, याचा मला उगाचच अभिमान वाटतो. मग पत्र्यावर एक टप्, दोन, आणि एकाएकी कुणी मूठभर ज्वारी फेकल्यासारखा आवाज. मुलगी झोपेतून उठून आली. आम्ही दोघी टॉर्च घेऊन टाकीपाशी गेलो. पहिले गढूळ धुवण बाजूच्या नळकांड्यात भरेपर्यंत टाकीत काहीच येत नाही. ती पाच-सहा मिनिटे फार लांबतात. त्यानंतर आत खोलवर, रिकाम्या मंदिरात पडावा तसा, धारेचा आवाज सुरू झाला. तळ्याकडून बँजोची एकच तार छेडल्यासारखा 'बाँक' असा बेडूक बोलला, त्याला दुसऱ्याने उत्तर दिले.

सकाळी नऊ वाजता मापकात बावीस मिलीमीटर होते. कुंपणापलीकडून काकांनी हात वर करून ओरडून सांगितले, "सत्त्याऐंशी पॉइंट!" मी डायरीत आकडा लिहिला आणि टाकी वाजवली, आवाज कमरेच्या बराच वर जाऊन बसला. भारतात तेव्हा पहाटेचे साडेचार झाले होते, तरी आई उठलेली असणार हे माहीत असल्यामुळे मी फोन लावला. तिकडे महिनाभर टँकर चालू होते. किती भरली, कितीपर्यंत वाजते, ओव्हरफ्लोला लागली का, असे सगळे तिने नीट विचारून घेतले. मग क्षणभर थांबून म्हणाली, "मग आज डोक्यावरून न्हा."